परवाना नक्की कोणाकडे होता? बडोद्यातील एका घरतपासणी सेवेचा अनुभव

दांडिया बाजारातील भाड्याचे जुने घर सोडून कलालीच्या बाजूला तीन खोल्यांचा, पुनर्विक्रीत आलेला फ्लॅट घ्यावा असे आम्ही उभयतांनी गेल्या दिवाळीनंतर ठरवले आणि बानाखत, म्हणजे खरेदीपूर्वीचा विक्रीचा करार, करण्यापूर्वी, घराची तपासणी करून लेखी अहवाल देणाऱ्या बडोद्यातीलच एका खाजगी कंपनीला बोलावले. त्या सेवेविषयीचा हा अभिप्राय आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. काम करायला आलेल्या माणसांविषयी मला चांगलेच लिहायचे आहे आणि माझी मुख्य तक्रार जाहिरातीतील एका शब्दाविषयी आहे. तो शब्द म्हणजे ‘लायसन्स्ड’, म्हणजेच परवानाधारक.

हा शब्द मला खटकण्याचे कारण माझ्या नोकरीत आहे. बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर माझी बरीच वर्षे गेली आणि त्या काळात मूल्यांकनकारांचे अहवाल शेकड्यांनी वाचले. सर्वसाधारण समज असा असतो, की बँकेचा माणूस घर पाहून गेला म्हणजे घर तपासले गेले. प्रत्यक्षात तो माणूस बँकेसाठी येतो. जागा कागदोपत्री आहे तेवढीच आहे का, नकाशाप्रमाणे आहे का आणि उद्या विकावी लागली तर कर्ज वसूल होईल एवढी तिची किंमत आहे का, हे तो पाहतो. न्हाणीघरातले पाणी शेजारच्या भिंतीत मुरते की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसते आणि त्याचे काम पाहता ते योग्यच आहे. असा एक अहवाल आमच्या फ्लॅटचाही झाला होता. त्यात भिंतींविषयी एकच वाक्य होते, ‘स्थिती चांगली’.

तपासणीची वेळ ठरवताना मी फोनवर कंपनीकडे परवाना क्रमांक मागितला. पलीकडची मुलगी गोंधळली, मग तिने वरिष्ठांना विचारून संध्याकाळी एक प्रमाणपत्र पाठवले. ते अमेरिकेतील एका व्यावसायिक संघटनेच्या सभासदत्वाचे होते, ऑनलाइन परीक्षा देऊन मिळालेले. अशा संघटनांचे अभ्यासक्रम टाकाऊ नसतात आणि त्यांतून माणूस बरेच शिकू शकतो. पण सभासदत्व म्हणजे परवाना नव्हे. परवाना सरकार किंवा कायद्याने नेमलेले मंडळ देते, आणि चूक केली तर तेच तो काढूनही घेऊ शकते. संघटनेतून काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच धंदा करू शकतो.

तरीही मी तपासणी रद्द केली नाही, कारण कोण येणार आहे हे विचारल्यावर मिळालेले उत्तर प्रमाणपत्रापेक्षा समाधानकारक होते. येणारे गृहस्थ स्थापत्य पदविकाधारक होते, इथल्याच पॉलिटेक्निकमध्ये शिकलेले, आणि त्यांनी आठ वर्षे बांधकामाच्या साइटवर काढली होती. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढले तेव्हापासून या शहराने हाताने काम करणाऱ्या शिकलेल्या माणसाला मान दिला आहे, आणि जुने बडोदेकर आजही अभियांत्रिकी शाखेला कलाभवनच म्हणतात. त्यामुळे असेल कदाचित, पण पदविका आणि साइट हे दोन शब्द ऐकून मला जो धीर आला तो इंग्रजी प्रमाणपत्रावरच्या सोनेरी शिक्क्याने आला नव्हता.

ठरल्या दिवशी सकाळी साडेदहाला ते आले आणि त्यांच्याबरोबर विजेचे काम पाहणारा एक तरुण आला. पिशवीतून ओळंबा, पाणसळ, गुण्या, ओल मोजण्याचे यंत्र आणि उष्णता दाखवणारा कॅमेरा अशी साधने निघाली. मला सर्वांत आवडली ती त्यांच्या शर्टाच्या खिशातून निघालेली काचेची गोटी. न्हाणीघराच्या फरशीवर त्यांनी ती सोडली आणि ती जाळीकडे न जाता सरळ उंबरठ्याकडे घरंगळत आली. मग बादलीभर पाणी ओतून त्यांनी तेच दाखवले. फरशीचा ढाळ उलटा होता. पाणी ज्या कोपऱ्यात साचत होते त्याच्या पलीकडे निजायच्या खोलीची भिंत होती, आणि तिला नुकताच पिवळसर रंग दिलेला होता.

त्या भिंतीवरची त्यांची पद्धत सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण शिकलेला तपासनीस आणि यंत्र विकत घेतलेला माणूस यांतला फरक मला तिथे समजला. उष्णता दाखवणारा कॅमेरा भिंतीच्या आत पाहत नाही. पृष्ठभागाचे तापमान तेवढे तो दाखवतो. ओल सुकत असताना भिंत तिथे थोडी थंड पडते, आणि तो थंड डाग पाहून आपण ओलीचा अंदाज करायचा असतो. दुपारी पश्चिमेच्या उन्हाने भिंत तापलेली असताना पडद्यावर सगळेच लाल दिसत होते. दुसऱ्या कोणी त्याचाच फोटो काढून अहवालात चिकटवला असता. यांनी, “काकू, आत्ताच्या चित्राला काही अर्थ नाही, मी सात वाजता परत येतो,” असे सांगितले आणि त्याप्रमाणे ते खरोखर आले. तेव्हा भिंतीच्या तळाशी जिभेच्या आकाराचा गार पट्टा स्वच्छ दिसला. त्यावरही न थांबता त्यांनी ओलीच्या यंत्राने आधी त्याच भिंतीचा वरचा कोरडा भाग मोजला, मग खालचा. अशी यंत्रे मुळात लाकडासाठी आखलेली असतात आणि गिलाव्यात क्षार असले तरी आकडा वर चढतो, म्हणून एकाच भिंतीवरच्या दोन जागांची तुलना करायची, सुटा आकडा घ्यायचा नाही, असे त्यांनी समजावले. शेवटी नखाने रंगाचा पापुद्रा काढला, तर खाली लोणा धरलेला गिलावा होता.

हॉलमध्ये त्यांनी लाकडी दांड्याने एकेक फरशी वाजवून पाहिली आणि सतरा फरश्या पोकळ वाजल्या. बीम आणि भिंत यांच्या सांध्यातील आडव्या चिरेने मी घाबरले होते. ती मात्र त्यांनी किरकोळ ठरवली. काँक्रीटचा बीम आणि खालची ब्लॉकची भिंत यांचे आकुंचन वेगवेगळे असते, सांध्यावर जाळी न मारता गिलावा केला की अशी केसाएवढी चीर पडतेच, असे त्यांचे म्हणणे. खाली पार्किंगमधल्या एका कॉलमपाशी मात्र ते बराच वेळ थांबले. तिथली चीर उभी होती, सळीच्या रेषेत होती, आणि तिच्या कडेला तपकिरी डाग होता. सळी गंजली की फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते, त्याची ही सुरुवात असू शकते, पण त्यापुढे निदान करणे आपले काम नाही, त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कंपनीच्या पत्रकात ‘हातोडीच्या चाचणीने काँक्रीटची ताकद’ सांगण्याचे आश्वासन होते. त्याविषयी विचारल्यावर ते थोडे संकोचले. ती हातोडी पृष्ठभागाचा कठीणपणा सांगते, तेवढ्यावरून ताकदीचा आकडा मी लिहून देणार नाही, म्हणाले. आपल्याला किती कळते याची हद्द ओळखणे हीही एक पात्रताच आहे.

मीटरच्या खोलीचा मुद्दा मी स्वतः काढला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला आलेला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना नदीच्या बाजूला घर घेताना पहिला प्रश्न हाच पडतो. पाणी फक्त झांप्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, आले होते, असे घरमालक सांगत होते. वीज पाहणाऱ्या त्या तरुणाने मीटरच्या पेटीचे खालचे झाकण उघडले तेव्हा आतल्या बाजूला गाळाची वाळलेली रेघ होती. बाहेरचा रंग नवा होता, आत रंगवायचे राहिले होते.

याच तरुणाने वर येऊन प्रत्येक सॉकेट तपासला. स्वयंपाकघरातील एका सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले निघाले. गीझरच्या जागी अर्थिंगच नव्हते, आणि शॉक लागू नये म्हणून वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा स्विच बोर्डावर दिमाखात असला तरी गीझरची तार त्याला वगळून गेलेली होती. चार वर्षे या घरात लोक आंघोळ करत होते. तो बोलायला बुजरा होता, म्हणून मी सहज चौकशी केली, तर त्याने पाकिटातून राज्याच्या परवाना मंडळाचे वायरमनचे परमिट काढून दाखवले. त्यावर क्रमांक होता, मुदत होती, शिक्का होता. म्हणजे ज्या कंपनीने आपल्या पत्रकावर परवानाधारक हा शब्द तीन वेळा छापला, तिच्या त्या दिवशीच्या माणसांत खरा सरकारी परवाना एकाकडेच होता, आणि पत्रकात त्याचा उल्लेखही नव्हता.

भारतात घरतपासनीस या नावाचा परवाना देणारा कायदा नाही. घराशी संबंधित ज्या व्यवसायांना कायद्याची चौकट आहे ते वेगळे आहेत. आर्किटेक्ट ही उपाधी १९७२ च्या कायद्यान्वये नोंदणी झालेल्यांनाच लावता येते. बांधकामाच्या परवानगीसाठी गुजरातमध्ये नोंदणीकृत इंजिनिअर आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतात. जमीन व इमारतींच्या नोंदणीकृत मूल्यांकनकाराला कंपनी कायद्याखालील २०१७ च्या नियमांप्रमाणे स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुकला किंवा नगररचना यांतील पदवी आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनुभव लागतो, पदव्युत्तर शिक्षण असेल तर तीन वर्षे पुरतात, शिवाय पन्नास तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा असतेच. विकत घेणाऱ्याच्या बाजूने ओल, ढाळ आणि चिरा पाहणाऱ्या माणसासाठी असे काहीही नाही. उद्या मीही एक कॅमेरा घेऊन हा धंदा सुरू केला तर मला कोणी अडवू शकणार नाही.

परवाना असतो तिथे तो कसा मिळतो, हे मला योगायोगाने घरातूनच कळले. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत असतो आणि नोकरी बदलण्याच्या विचाराने सध्या याच परवान्याचा अभ्यास करतो आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे तिथे शालान्त शिक्षण पुरते, पदवीची अट नाही. पण १८० तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. त्यांतले १४० तास वर्गातले आणि ४० तास परवानाधारक तपासनिसाच्या देखरेखीखाली, बिनपगारी, प्रत्यक्ष घरांत. त्यानंतर राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा होते. चार तास, दोनशे बहुपर्यायी प्रश्न, २०० ते ८०० अशी गुणपट्टी, आणि उत्तीर्ण व्हायला ५०० गुण. एवढे झाल्यावरही, आपल्या चुकीने ग्राहकाचे नुकसान झाले तर ते भरून देणारा पाच लाख डॉलरचा विमा दाखवल्याशिवाय धंदा करता येत नाही. “मावशी, छपराखाली आणि तळघरात सरपटण्याचे ते चाळीस तासच खरे, बाकीचे मी आगगाडीत बसून वाचतो,” असे तो म्हणाला.

अर्थात अमेरिका म्हणजे एकच नियम असेही नाही. न्यूयॉर्कमध्ये १४० तास लागतात, त्यांतले ४० प्रत्यक्ष घरांतले. इलिनॉयमध्ये वर्गाचे साठ तास पुरतात. कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यात तर आपल्यासारखाच परवाना मुळी नाही. पण तिथल्या कायद्यात एक तरतूद आहे, जी मला या सगळ्या तासांच्या हिशेबापेक्षा महत्त्वाची वाटते. ज्या घराची तपासणी केली, त्या घराची दुरुस्ती त्या तपासनिसाने किंवा त्याच्या कंपनीने पुढचे बारा महिने पैसे घेऊन करायची नाही, तसा देकारसुद्धा द्यायचा नाही.

माझी दुसरी तक्रार नेमकी इथे आहे. अहवाल मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी न मागता, त्याच कंपनीच्या भावंड कंपनीकडून न्हाणीघराच्या वॉटरप्रूफिंगचे आणि फरश्या बदलण्याचे दरपत्रक आले, आणि पाठोपाठ दोन फोनही आले. ज्यांनी दोष शोधायचे त्यांनाच ते दोष दुरुस्त करण्याचे पैसे मिळणार असतील, तर सतरा फरश्यांपैकी खरोखर किती पोकळ होत्या, असा संशय मनात येतो. आलेल्या गृहस्थांचा प्रामाणिकपणा मी डोळ्यांनी पाहिला होता म्हणून माझा विश्वास टिकला. ज्यांनी फक्त अहवाल वाचला असेल त्यांचा टिकेलच असे नाही.

अहवालाविषयी. बासष्ट पाने, भरपूर फोटो, आणि तिसऱ्या दिवशी हातात, हे कबूल करायलाच हवे. पण त्यात वजनाचा विचार नाही. कपाटाच्या बिजागरीवरचा ओरखडा आणि गीझरचे नसलेले अर्थिंग या दोहोंना सारखाच लाल ठिपका आहे. कॉलमची चीर एकेचाळिसाव्या पानावर सापडते. घर दाखवताना त्या गृहस्थांनी जे ठामपणे आणि क्रमाने सांगितले होते, ते कागदावर येईपर्यंत सगळे एका पातळीवर आले होते, बहुधा तयार नमुन्यात भरल्यामुळे. हे पाहून मी त्यांना पुन्हा फोन केला आणि गंभीर, लवकर करावे असे, आणि पुढेमागे करावे असे, या क्रमाने एका पानाचे टिपण मागितले. ते त्यांनी त्याच रात्री पाठवले. माझ्या मते पैसे त्या एका पानाचे होते. एकूण शुल्क साडेआठ हजार रुपये, वर जीएसटी.

करारातील बारीक अक्षर वाचण्याची सवय नोकरीने लावली आहे, म्हणून एवढे नोंदवते. तपासणीत काही सुटले तर कंपनीची जबाबदारी घेतलेले शुल्क परत करण्यापुरतीच आहे, असे सातव्या कलमात लिहिलेले आहे. व्यावसायिक चुकीचा विमा आहे का, या माझ्या लेखी प्रश्नाला अजून उत्तर आलेले नाही. भिंत न फोडता, फरशी न उखडता, दिसेल तेवढेच पाहायचे, ही या कामाची मर्यादा जगभर आहे, त्याबद्दल कंपनीला दोष देता येत नाही. पण ज्याला जोखीम घ्यायची नाही त्याने परवानाधारक म्हणवून घेऊ नये. हा शब्द पत्रकातून काढावा अशी विनंती मी कंपनीला लेखी केली. ‘सूचनेची नोंद घेतली आहे’ असे उत्तर आले आणि पत्रक जसेच्या तसे आहे.

कोणी अशी सेवा घेणार असेल तर परवान्याचे विचारण्यात वेळ घालवू नये. आपल्या घरी प्रत्यक्ष कोणता माणूस येणार आहे, त्याने किती वर्षे बांधकामावर काढली आहेत आणि कुठे, वीज पाहणाऱ्याकडे वायरमनचे परमिट आहे का, कंपनी दुरुस्तीची कामे करते का, हे विचारावे, आणि आधीच्या एखाद्या अहवालाचा नाव झाकलेला नमुना मागावा. नमुना द्यायला का कू केली तर फोन ठेवून द्यावा. शक्य असेल तर तपासणी पावसाळ्यात किंवा पावसाळा संपता संपता करावी. आमची थंडीत झाली, त्यामुळे गच्चीचे वॉटरप्रूफिंग कसे आहे हे कोणालाच नीट सांगता आले नाही.

पाचांपैकी मी आलेल्या दोघांना साडेचार देईन आणि कंपनीला अडीच. घर आम्ही घेतले. ढाळ, फरश्या आणि वीज यांचा खर्च धरून मालकांनी किंमत थोडी उतरवली, पुराच्या रेघेनंतर त्यांचा सूरही उतरला होता. सोसायटीने कॉलमसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला आहे. रेराच्या, म्हणजे बिल्डर आणि घरखरेदीदार यांच्या व्यवहाराविषयीच्या, कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष लेखी कळवला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून द्यायचा असतो, आणि हा हक्क पुनर्विक्रीत घर घेणाऱ्यालाही मिळतो. बासष्ट पानी अहवालात ही गोष्ट कुठेच नव्हती. इमारतीचा ताबा देऊन चार वर्षे होऊन गेली आहेत, म्हणून दस्त होताच मी त्या एका पानाच्या टिपणाची प्रत जोडून बिल्डरला रजिस्टर पत्र टाकले. त्याची पोच आली आहे आणि आज बाविसावा दिवस आहे.